चाळीस कुप्यांचे दोरे

"सूक्ष्मानंदबाबांच्या कुपीत काहीच नाही, असं म्हणता ना वैद्यराज? मग उद्या दुपारपर्यंत ते 'काहीच नाही' मला दाखवा!" राजा भीमवर्मा गरजला. "नाही दाखवलंत, तर युवराजांना तुमचा काढा बंद आणि बाबांचं औषध सुरू!"

नागोपंत वैद्य चक्रावले. नसलेली वस्तू दाखवायची कशी? युवराज म्हणजे सात वर्षांचं पोर, हिवतापानं फणफणलेलं. काढ्यानं ताप आत्ता कुठं उतरणीला लागला होता. तो मध्येच थांबवला तर पोर हातचं जाणार!

हे सूक्ष्मानंदबाबा महिन्यापूर्वी कुठूनसे उगवले होते. त्यांची रीत अशी: पाल्याच्या रसाचा एक थेंब घागरभर पाण्यात, त्यातला एक थेंब दुसऱ्या घागरीत, असं करत तीस घागरी. औषध जितकं कमी, तितकं म्हणे जालीम! लाल दोऱ्याच्या वीस कुप्या ताप उतरवायला, काळ्या दोऱ्याच्या वीस पोट साफ करायला. चवीला कडू नाही की तुरट नाही. राजा खूश, युवराज त्याहून खूश.

नागोपंत औषधशाळेच्या पायरीवर डोकं धरून बसले. समोर येसू, कुप्या धुणारी बाई, राखेनं भांडी घासत होती.

"बाबांच्या कुप्या पण धुवायच्या का हो, वैद्यबुवा?"

"धू बाई, काय वाट्टेल ते धू! माझं डोकं ठिकाणावर नाही."

"बरं," येसू म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भर दरबारात येसू चाळीस कुप्यांची पाटी घेऊन आली आणि राजासमोर लोटांगणच घातलं तिनं.

"घात झाला, महाराज! घासताना सगळे दोरे सुटले. कुठल्या कुपीला लाल, कुठल्या कुपीला काळा, काही म्हणता काही कळेना!"

नागोपंतांनी कपाळावर हात मारून घेतला. आधीच संकट, त्यात हिनं भर घातली!

राजाच्या भुवया चढल्या, तशी येसू घाईघाईनं म्हणाली, "पण बाबा आहेत ना! आमचे वैद्यबुवा डोळे मिटून नुसत्या वासावर औषध ओळखतात. मग बाबांना काय अवघड?"

बाबांनी कुप्यांकडे पाहिलं. चाळीसही सारख्याच. सगळा दरबार टक लावून बसलेला. बाबांनी डोळे मिटले आणि एकेक कुपी कानाशी धरली. "हं, ही तापाची. ही पोटाची. ही... तापाचीच!" घटकाभरात वीस लाल नि वीस काळे दोरे बांधून झाले.

"बघितलंत, नागोपंत?" राजानं मांडीवर थाप मारली. नागोपंतांनी मान खाली घातली. संपलं सगळं.

"महाराज, एक सांगायचं राहिलं," येसू म्हणाली. "कुप्या मी आतूनही धुतल्या. धुवायचं म्हटलं की आतून-बाहेरून, सवयच आहे मला. आत्ता त्यांत आहे ते मागच्या आडाचं पाणी. चाळीसही कुप्यांत!"

बाबा पांढरेफटक पडले. पण माणूस पोचलेला! "मूर्ख बाई! औषध ओतून टाकलं म्हणून जात नसतं! पुन्हा पाणी भरलं की त्या पाण्याला सगळं आठवतं!"

"आठवतं होय?" येसूनं पदर खोचला. "मग बाबा, तुम्ही येण्याआधी वर्षभर ह्याच कुप्यांत घोड्यांच्या खरजेचं तेल होतं. तेही मीच धुतलं. ते कसं नाही हो आठवलं पाण्याला?"

राजानं आधी ओठ दाबून पाहिले. मग जो हसत सुटला, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत! "दिसलं, वैद्यराज, 'काहीच नाही' दिसलं! चांगलं चाळीस कुप्या भरून दिसलं!"

राजानं स्वतः युवराजाचं नाक चिमटीत धरून काढा पाजला. येसूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, वर दोन बिघे बागायत मिळाली.

"आणि बाबांना काय द्यावं गं?" राजानं विचारलं.

"पागेत पाणी भरायला माणूस कमी आहे, महाराज," येसू म्हणाली. "आणि बाबांचा हात घागरींवर चांगला बसलाय!"

राजा पुन्हा हसू लागला, आणि त्याच दुपारी बाबांच्या खांद्यावर कावड चढली.