गुरुजींनी धरलेले सुतक

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंपाशी अख्खा उन्हाळा मागितला.

नदीकाठची ती पाठशाळा. चैत्र सरला की तिला सुट्टी लागे, ती पाऊस पडेपर्यंत. विहीर तळाला जाई, नदीचे नुसते डोह उरत, आणि एवढ्या जणांना पाणी पुरवायचे कसे, म्हणून फार पूर्वीपासून तशी रीतच पडलेली. सगळे विद्यार्थी वळकट्या बांधून आपापल्या गावी गेले. हा एकटा मागे राहिला. वय पंचविशीचे, बुद्धी तल्लख, एकदा कानावर पडलेले विसरायचा नाही. हात जोडून म्हणाला, "गुरुजी, या सुट्टीत मला न्याय, वैशेषिक, सांख्य, मीमांसा आणि वेदान्त, पाचही दर्शने शिकवा."

गुरुजी आता फार थकले होते. तोंडात दात नव्हते, उन्हाकडे पाहवत नसे. ते म्हणाले, "अरे, यातल्या एकेका दर्शनापायी लोकांची उमर जाते."

"मला तेवढा वेळ नाही. पावसाच्या तोंडावर संस्थानात पंडितांची सभा आहे. पाचही दर्शनांत जो उत्तरं देईल, त्याला तिथं शास्त्री म्हणून ठेवून घेणार आहेत."

"आणि घरी? वडील वाट पाहत असतील तुझी."

"तेच म्हणाले होते, शिकून घे म्हणून."

हे खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. त्याचे वडील, वामनभट, दहाव्या-बाराव्याचे विधी सांगणारे ब्राह्मण. गावात कोणी गेले की लोक रात्री-अपरात्री त्यांच्या दारी धावत येत, आणि एरवी तेच वामनभट सकाळी समोरून आले की अपशकुन नको म्हणून वाट बदलत. लग्नामुंजीच्या पंक्तीत त्यांचा पाट कधी मांडला गेला नाही. लहानपणी हा दर्भाची जुडी घेऊन त्यांच्यामागून घाटावर जायचा. पाठशाळेत आला तेव्हा एक जण सर्वांदेखत म्हणाला होता, "पिंडाच्या भातावर वाढलाय हा, याला भूक कसली लागतेय?" सगळे हसले होते. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवले, की असा शास्त्री व्हायचे, पुन्हा कोणी बापाचे नावच विचारायचे नाही.

गुरुजी "बरं," म्हणाले. मागितलेले नाकारायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मग काय विचारता! पहाटे उठला की न्याय, ऊन चढेतो सांख्य, जेवण झाल्यावर ओल्या पंच्याने डोके बांधून मीमांसा. पाठशाळेत स्वयंपाकाला वेणूकाकू म्हणून एक म्हातारी होती. ती ताक घेऊन यायची आणि तसेच परत न्यायची. एकदा गुरुजींना म्हणाली, "हा तुमचा शास्त्री जेवतो कमी नि घोकतो जास्त. एक दिवस पोटात दोन दर्शनांची मारामारी लागेल, मग या सांगायला, काढा उकळा म्हणून." गुरुजी हसले. तो हसला नाही. हसण्यात वेळ जातो असे त्याला वाटू लागले होते.

असे करता करता वैशाख निम्म्याहून अधिक सरला. एके दिवशी भर दुपारी कुंपणाबाहेरच्या निंबाखाली कोणी येऊन उभे राहिले. त्याच्या गावचा हैबती कुंभार. दहाव्याची मडकी वामनभटांना तोच पुरवायचा, दोघांचा जन्म घाटावर बरोबरच गेलेला. हैबती आत आला नाही. हा बाहेर गेला.

"धाकटे महाराज," हैबती म्हणाला, "थोरले गेले."

"केव्हा?"

"तेरवा सकाळी. पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला, तो तसाच खाली आला. चुलत्यांनी अग्नी दिला, तुमची वाट बघण्यागत ऊन नव्हतं." हैबतीने पागोट्याच्या शेवाने तोंड पुसले. "आता अडचण अशी हाय, दहाव्याला सांगायला भट मिळंना. तिथून इथवर वाटंत जेवढी गावं लागली, समद्या ठिकाणी इचारलं. म्हणत्यात, तसलं काम आमी करत न्हाई. थोरल्यांनी साऱ्या मुलखाचं केलं, त्यांचं करायला कुणी न्हाई. आईसाहेब म्हणल्या, पोराला सांग, त्याला येतं समदं."

"तू हो पुढं. मी मागोमाग निघतो."

"मागोमागच या, महाराज. म्हातारी उंबऱ्यात बसलीया. उठवलं तरी उठत न्हाई."

हैबती गेला. हा निंबाखाली उभा राहिला. अशी वार्ता कानी आली की अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करायचे असते, आणि नदी चार पावलांवर होती. पण त्याच्या मनात वेगळाच हिशेब सुरू झाला. जायचे म्हणजे तेरावा होईतो राहायचे. परत येईतो ज्येष्ठ लागेल, मीमांसा अर्धी राहील, वेदान्त तर नुकता हातात घेतलेला. सभा गेली म्हणजे गेली. आणि त्याहून खोल, जिथे माणूस स्वतःलाही पाहू देत नाही तिथे, आणखी एक गोष्ट होती. घाटावर बसून आपल्या तोंडाने ते मंत्र म्हणायचे, पंचक्रोशीने पाहायचे, आणि म्हणायचे, बरे झाले, वामनभटाच्या जागी त्याचा मुलगा आला.

आदल्याच दिवशी पाठ झाला होता: आत्मा जन्मत नाही, मरत नाही. मग सुतक कोणाचे? असे त्याने स्वतःला विचारले आणि उत्तर चटकन पटवून घेतले. पाय धुतले आणि पाठाला जाऊन बसला.

"कोण आलं होतं रे?" गुरुजींनी विचारले.

"गावचा कुंभार. आईनं खुशाली विचारली."

त्या दिवशी त्याने एकही उत्तर चुकवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवल झाले. गुरुजींची स्नान-संध्या आटोपली होती. तरी ते पुन्हा नदीवर गेले आणि अंगावरच्या धोतर-उपरण्यानिशी भिजून, निथळत परत आले. आल्यावर त्यांनी सगळ्या पोथ्या रुमालात बांधून फळीवर ठेवल्या. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "वेणूबाई, मला आजपासून वेगळं वाढा. मीठ घालू नका."

"अगंबाई," काकू पदर सावरत म्हणाली, "कोण गेलं हो?"

"गेलं एक जण."

"तुमचं कोण उरलंय जायला? बहीण होती, ती जाऊनसुद्धा किती वर्षं झाली. मला सांगायचं नसेल तर नका सांगू, पण बिनमिठाचं कोणाच्या नावानं शिजवायचं, तेवढं तरी कळू दे."

शिष्य पोथी घेऊन दारात उभा होता.

"गुरुजी, आजचा पाठ?"

"सुतकात पाठ होत नाही, बाबा."

"पण आपल्याला सुतक कसं? गोत्रातलं, रक्तातलं कोणी उरलेलं नाही आपलं. शास्त्राप्रमाणे..."

"शास्त्राप्रमाणे तू म्हणतोस तेच बरोबर आहे."

"मग?"

"मग काय. या छपराखाली एका मृत्यूची बातमी आली आहे. तिचं सुतक कोणीतरी धरायला नको?"

आणखी एक प्रश्न विचारला असता तर सगळे उघड झाले असते. तो विचारायचा धीर झाला नाही. तो जायला वळला तेव्हा गुरुजी म्हणाले, "आणि हे बघ, मला देव शिवता येणार नाहीत. पूजा तू करत जा."

आता बघा, किती कठीण झाले. ज्याला खरोखर सुतक, त्याने देव कसे शिवायचे? आणि नाही म्हणायचे, तर कारण काय द्यायचे? तो देवघरात गेला. ताम्हनात देव ठेवले, पाणी घातले, गंध लावले. गंध पातळ झाले होते, त्याचा ओघळ मूर्तीच्या डोळ्यावरून खाली आला. त्याने तो पुसला आणि पूजा पुरी केली. दुसऱ्या दिवशीही केली, तिसऱ्याही. उरलेल्या वेळात एकटाच पोथी उघडून बसे. पण एकदा ऐकलेले न विसरणारा तो, आता पान उलटले की मागच्या पानावरचे त्याला आठवेना. ओसरीवर गुरुजी जमिनीवर बसलेले, बिनमिठाचा भात पाण्यात कालवून सावकाश गिळत असलेले. उन्हाच्या झळा आत येत, पण त्यांनी जागा बदलली नाही. मुलगा गेल्यावर बाप जसा बसेल, किंवा बाप गेल्यावर मुलगा, तसे ते बसले होते.

त्यापुढच्या सकाळी गुरुजी नदीकडे निघाले. खडकांवरून तोल जाईल, या काळजीने तो मागून गेला. निदान तसे त्याने मनाला सांगितले. डोहाच्या कडेला गुरुजी दक्षिणेला तोंड करून उभे राहिले, ओंजळीत पाणी घेतले, त्यात तीळ घातले, आणि गोत्र उच्चारले. ते त्याचे गोत्र होते. मग नाव उच्चारले. वामन. ओंजळ रिती झाली. पुन्हा भरली, पुन्हा तेच गोत्र, तेच नाव.

तो तिथेच वाळूत बसला. गुरुजी मागे वळले तेव्हा म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझा कुंभार पाणी मागायला मागच्या दारी आला होता. म्हणाला, धाकटे महाराज निघतायत. मी वाट पाहिली. तू पाठाला येऊन बसलास."

"मी पूजा केली, गुरुजी. सुतकात."

"पाहिलं. देवाचं काही बिघडलं नाही."

"आत्मा मरत नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

गुरुजी खडकावर टेकले आणि हळूहळू बोलू लागले. "मरत नसेल. मी काही पाहिलेलं नाही, माझ्या गुरूंनी सांगितलं ते तुला सांगितलं. पण दर्भाची जुडी तुझ्या हाती देऊन पुढं चालणारा जो माणूस होता, तो गेला की नाही? त्याला तुझ्या कुठल्या दर्शनात जागा आहे? तू पाच दर्शनं मागितलीस तेव्हा मला वाटलं, याला भूक आहे, म्हणून वाढत गेलो. ती भूक नव्हती रे. एखादा माणूस दाराला आतून सामान लावून ते बंद करतो ना, तशी तू पोथ्यांची रास दाराशी लावत होतास. बाहेर बाप उभा होता. मी तुला पोथ्या उचलून देत राहिलो, हे माझ्या ध्यानात उशिरा आलं. लोक सुतकाला विटाळ म्हणतात. मला विचारशील तर ते नुसतं थांबणं आहे. जो गेला, त्याच्यासाठी कोणीतरी चार दिवस आपलं चालू काम खाली ठेवायचं, एवढंच. राजा असो की मर्तिकाचा भट, माणूस गेल्यावर जग एवढं तरी त्याचं देणं लागतं. तुझ्या वडिलांनी मुलखातल्या प्रत्येकाला ते मिळवून दिलं. त्यांच्यासाठी थांबायला त्यांचा मुलगा मोकळा नव्हता. म्हणून मी थांबलो. तुला शिकवायला नाही. ते माझ्यानं तसंच पाहवलं नाही."

शिष्य उठला. तसाच डोहात उतरला, कपड्यांनिशी, आणि भिजलेला निघाला. पोथी घ्यायलाही वर गेला नाही.

ऐन दहाव्याच्या सकाळी तो गावात पोचला. आई उंबऱ्यात होती. तिने त्याच्या फुटलेल्या पायांकडे पाहिले. "आलास? घाटावर जा. चुलते खोळंबलेत," एवढेच म्हणाली.

घाटावर चुलते होते, मडकी घेऊन हैबती होता, आणि सांगणारे कोणी नव्हते. त्याने डोके भादरून घेतले आणि बसला. मंत्र म्हणणाराही तोच, विधी करणाराही तोच. लहानपणी ऐकलेले एकेक अक्षर आठवत गेले, वडिलांच्या आवाजात, त्यांच्याच खोकल्याच्या थांब्यांसह. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर येऊन बसले आणि खाली उतरेनात.

"काही इच्छा राहिली असेल," चुलते म्हणाले. "आईला सांभाळीन म्हण."

तो म्हणाला. कावळा हलला नाही. घर राखीन, म्हणाला. काकांना अंतर देणार नाही, म्हणाला. मग त्याला पुढे सुचेना. न्यायातले, सांख्यातले काय वाटेल ते विचारले असते तर त्याने सांगितले असते. आपल्या बापाला काय हवे होते, हे त्याला ठाऊक नव्हते. दगड तापले. सावली पायाशी आली.

"महाराज," हैबती खालच्या आवाजात म्हणाला, "अशा येळी थोरले दर्भाचा कावळा करायचे."

त्याने दर्भ घेतला, वळला, गाठ मारली आणि तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला. विधी पुरा झाला. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

घरी आल्यावर आईने पाणी दिले. "सभा आहे म्हणे तुझी. परत निघशील ना आता?"

"नाही. राहतो." तो तिच्याशेजारी खाली बसला. "आई, अप्पांना काय हवं होतं गं?"

तिने रिकामा तांब्या खाली ठेवला.

"कोण जाणे," ती म्हणाली. "त्यांना कधी कोणी विचारलंच नाही."

गुरुजी कशासाठी थांबले होते, ते त्याला तेव्हा उमगले.

पोथी कितीही वर्षे वाट पाहते. माणूस पाहवेल तेवढीच पाहतो.