आठ महिन्यांचा कुटुंबप्रमुख

मृदुला साताऱ्याची, नवरा तोमास चिलीचा, आणि दोघांचा संसार तिसऱ्याच देशात. त्यांचं बाळ तिथेच जन्मलं, म्हणून तेवढं तिथलं नागरिक. दोघांचा तिथे राहण्याचा परवाना संपत आला होता. अर्ज तोमासच्या नावाने करा की मृदुलाच्या, अधिकारी नाक मुरडून परत करी. "कुटुंबप्रमुख इथला नागरिक हवा! नाहीतर तुम्ही साताऱ्याला जा, हे जातील चिलीला."

मग मृदुलाने बाळाच्याच नावाने अर्ज केला. "हे आमचे प्रमुख. आम्ही दोघं यांच्यावर अवलंबून."

अधिकारी फिस्सकन हसला. "ज्याचा शब्द घरात चालतो तो प्रमुख. याला बोलता तरी येतं का? मीच विचारतो त्याला. तुम्ही दोघं बाहेर व्हा!"

मृदुलाने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि दोघं बाहेर गेली. दार लागताच बाळाने असं भोकाड पसरलं की कचेरी दणाणली. साहेबांनी चुचकारलं, खेळायला सरकारी शिक्कासुद्धा दिला, पण छे! अखेर घामाघूम होऊन त्यांनीच दार उघडलं. "बाई, आधी आत या!"

मृदुलाने बाळाला उचललं. रडणं थांबलं.

"साहेब, तुम्ही आम्हाला बाहेर काढलंत, आमच्या प्रमुखांनी आत बोलावलं. शब्द कुणाचा चालला?"

साहेबांनी लाळेने भिजलेला शिक्का पुसला आणि अर्जावर उमटवला.