शिंगाळ्याचं माप

“मग मी खोटं बोलतोय का, बाबा?”

मदारबाबांचं सुईत दोरा ओवायचं काम चाललं होतं आणि दोरा काही केल्या नेढ्यातून जात नव्हता.

केरबाने पुन्हा तेच विचारलं. या वेळी आवाज चढला होता. तीन कोस उन्हातून चालत आलेल्या माणसाला उत्तर मिळायला नको का?

“बस,” बाबा म्हणाले. “पाणी पी.”

केरबा बसला, पण तांब्याला हात लावला नाही.

नदीकाठच्या पीराची झाडलोट करणारे हे बाबा. अंगावर कफनी यायच्या आधी त्यांच्यासारखा गळकरी या नदीवर दुसरा नव्हता, असं म्हातारी माणसं सांगत. एके दिवशी त्यांनी काठी, दोरी, गळ सगळं नदीत सोडून दिलं आणि इथे येऊन राहिले. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

केरबाच्या गावात गळ टाकणाऱ्यांची बैठक भरते. शनिवारी तिसऱ्या प्रहरी सगळे लोहाराच्या भात्यापाशी जमतात आणि आठवड्यात कुणाला काय लागलं ते सांगतात. आता गळकरी म्हटला की बढाया आल्याच. मासा पाण्यात वाढत नसेल तेवढा यांच्या तोंडात वाढतो. म्हणून कुणा जाणत्याने फार पूर्वी एक नियम घालून दिला.

सांगणाऱ्याने गोष्टीच्या शेवटी दोन्ही हात पसरून माशाचं माप दाखवायचं. बैठकीतला सगळ्यात थोरला ‘बघितला’ म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. एकदा तो शब्द आला की मासा तेवढाच. पुढे तो बोटभर वाढवता येत नाही आणि जळणाऱ्याला कमीही करता येत नाही.

केरबाच्या गळाला शिंगाळा मासा लागून दहा महिने झाले, तरी तो शब्द मिळाला नव्हता.

मासा लागला होता, यात वाद नव्हता. अख्ख्या गावाने तो त्याच्या खांद्यावर पाहिला होता. पण बैठकीत केरबाने हात पसरले की गणूनाना, म्हणजे बैठकीतले सगळ्यात थोरले, विडी पेटवायला लागत. कुणीतरी पाण्याच्या पाळीचा विषय काढी. केरबाचे हात तसेच हवेत राहत आणि मग एकेक जण धोतर झटकून उठे.

“पोटात दुखतंय त्यांच्या,” केरबा म्हणाला. “असला शिंगाळा त्यांच्या बापजाद्यांच्या गळाला लागला न्हाई.”

त्याला बाबांकडून दुसरं काही नको होतं. फक्त तो एक शब्द हवा होता. गणूनाना बाबांच्या हाताखालीच शिकलेले. बाबांनी एकदा म्हटलं की नानांची नाही म्हणायची टाप नव्हती.

“सांग तर,” बाबा म्हणाले. दोरा आता नेढ्यातून गेला होता आणि गुडघ्यावर पसरलेल्या कफनीला ते ठिगळ लावू लागले.

केरबाने गोष्ट सांगितली. ती त्याला झोपेतही येत असावी. फाल्गुनातली उजाडतानाची वेळ, गायमुखाचा डोह, पाणी खाली गेलेलं. तो आणि धाकटा भाऊ कृष्णात, दोघांचे दोन गळ. पहिला झटका असा बसला की काठी हातातून जाता जाता राहिली. शिंगाळा तळाला गेला, खडकाखाली शिरला, तिथे रुसून बसल्यासारखा बसला. तंगूस, म्हणजे गळाची ती नायलॉनची दोरी, तळहातात रुतून रक्त आलं. दीड तास. शेवटी कृष्णात कमरेएवढ्या पाण्यात गेला, कल्ल्यात हात घातला आणि दोघांनी मिळून त्याला वाळूवर ओढला.

तळहातावरचा वण त्याने बाबांना दाखवला. मग दोन्ही हात पसरले.

“एवढा.”

बाबांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा ठिगळाकडे वळले.

“उरुसाला आला हुतास तवा चार बोटं कमी हुता.”

केरबाचे कान तापले. पण हात त्याने आत घेतले नाहीत. ते आता पुरते ताणलेले होते. याहून मोठा मासा दाखवायचा तर त्याला दुसऱ्या कुणाचे हात मागून आणावे लागले असते.

बाबा टाके घालत राहिले. ठिगळाची एक बाजू झाली. दुसरी झाली. केरबाच्या खांद्यात कळ निघाली, ती मानेपर्यंत गेली.

“बाबा…”

“हं.”

“हात भरून आले.”

“मग घे की खाली.”

“तुमी म्हणल्याबिगर कसं घेऊ?”

नदीकडून वारा आला आणि पीरावरची हिरवी चादर एका कोपऱ्यात उचलून पुन्हा पडली.

“पुढं काय झालं?” बाबांनी विचारलं.

“पुढं काय? खांद्यावर टाकला, गावात आणला. झाली गोष्ट.”

“दोन गळ हुतं म्हणालास.”

“…व्हय.”

“एकाला शिंगाळा लागला. दुसरा?”

केरबाने तांब्याकडे पाहिलं. घसा कोरडा पडला होता, पण हात मोकळे नव्हते.

“दुसरा अडकला हुता. खडकात.”

“कोण काढायला गेलं?”

…

दहा महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बायकोने नाही, नानांनी नाही, पंचनाम्याला आलेल्या जमादाराने विचारलं तेसुद्धा वेगळं होतं. केरबाला वाटलं, उठावं आणि चालू लागावं. पण तसं उठून जाता आलं असतं तर गेल्या दहा महिन्यांत तो कितीतरी वेळा गेला असता.

तो सांगू लागला. ही गोष्ट त्याला येत नव्हती. मागचं पुढे, पुढचं मागे असं होत होतं.

कृष्णात म्हणाला होता, थांब दादा, गळ सोडवतो आणि बरोबरच जाऊ. डोहात उतरायचं तर काठावर एक माणूस उभा पाहिजे, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण शिंगाळा अजून कल्ले हलवत होता. जिवंत आहे तोवर गावाने पाहायला हवा होता. केरबा म्हणाला, तू काढून घे, मी पुढं होतो, आलोच.

चौकात माणसं जमली. त्याने एकदा सांगितलं. पुन्हा माणसं आली, पुन्हा सांगितलं.

“मंग परत का न्हाई गेलास?” बाबांचा आवाज अगदी साधा होता, जेवलास का विचारावं तसा.

“नाना रानात गेलं हुतं.”

“मंग?”

“ते आल्याबिगर… त्यांनीच म्हणायचं असतंय न्हवं.”

“काय म्हणायचं?”

केरबाच्या तोंडून तो शब्द निघेना.

एका शब्दासाठी तो चौकात तासन्‌तास बसून राहिला होता. मासा मेला, त्यावर माश्या बसू लागल्या, तरी बसला होता. नाना आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. केरबा उठला, चौथ्यांदा सगळं सांगितलं आणि हात पसरले. नानांनी मासा पाहिला. बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर केरबाच्या मागे गेली, इकडे गेली, तिकडे गेली.

“म्हणालं, कृष्णात कुठाय रं?”

डोहाकाठी खडकावर सदरा घडी घालून ठेवलेला होता. पाणी अगदी शांत होतं. तंगुसाचा वेढा पायाला बसला होता, हे तिसऱ्या दिवशी कळलं. काठावर कुणी असतं तर दोरी कापायला एक क्षण लागला नसता.

केरबा रडला नाही. रडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याचं सगळं पाणी त्या शिंगाळ्याने पिऊन टाकलं होतं. आपले हात कधी खाली आले, ते त्याला कळलंच नव्हतं. ते मांडीवर उताणे पडले होते.

बाबांनी दोरा दाताने तोडला.

“कृष्णात केवढा हुता?”

“चोवीस पुरी झाली हुती.”

“वय न्हाई इचारलं.”

केरबाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याचे हात आपोआप वर आले. इतक्या वर्षांची सवय. ते आधी पुरते पसरले, पण तेवढ्यात कृष्णात मावत नव्हता, तो केरबाहून वीतभर उंच होता. हात तसेच थोडा वेळ थांबले.

मग ते हळूहळू जवळ येऊ लागले.

केरबा चौदा वर्षांचा होता तेव्हा आई बाळंतपणात गेली. दहाव्या दिवशी शेजारच्या गंगूकाकीने लुगड्यात गुंडाळलेलं मूल आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, आता हा तुझा. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजत त्याने ते जगवलं. पुढे त्यानेच त्याला पोहायला शिकवलं होतं.

हात एकमेकांपासून हातभर अंतरावर येऊन थांबले.

“एवढा,” केरबा म्हणाला. “आई गेली तवा… एवढा हुता.”

बाबांनी सुई कफनीच्या बाहीत खोचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर लावला आणि सरकत सरकत येऊन ते केरबाच्या पुढ्यात बसले.

त्या दोन तळहातांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे ते खूप वेळ पाहत राहिले. उन्हं कलली. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यातून बाहेर काढत होतं. केरबाने हात खाली घेतले नाहीत.

…

“बघितला,” बाबा म्हणाले.