फुंकणी सुटली तो दिवस

एकदा एका व्यापाऱ्याची मोटार न्यायालयाने मोठ्या चमत्कारिक बंधनात टाकली. मद्यपान करून त्याने ती हाकली होती, आणि रस्त्याच्या कडेला केळी विकत बसलेल्या एका गृहस्थाच्या पायावरून ती गेली होती. माणूस वाचला, पाय गेला. त्या नगरीचे न्यायाधीश मोठे व्यवहारी. त्यांनी गाडी जप्त केली नाही. गाडीला एक यंत्र बसवण्याची आज्ञा दिली. गाडी सुरू करण्यापूर्वी त्या यंत्राच्या नळीत फुंकायचे. श्वासात दारूचा अंश सापडला, की गाडी ढिम्म हलणार नाही. मुदत एका वर्षाची. लोकांनी त्या यंत्राचे नाव ठेवले ‘फुंकणी’, आणि व्यापारी गाडीत बसला की चौकातले टवाळ विचारू लागले, “काय शेठ, चूल पेटली का?”

वर्ष सरले. व्यापाऱ्याने मान खाली घालून रोज फुंकले आणि एकदाही तो दोषी ठरला नाही. न्यायालयाने कागदावर शिक्का मारला: यंत्र काढून टाकावे. हे काम नगरीत एकाच ठिकाणी होत असे, एका वृद्ध मिस्त्रीच्या गॅरेजात. ज्याने फुंकणी बसवली त्यानेच ती काढायची आणि काढल्याची सही द्यायची, असा दंडक होता. या वृद्धाजवळ एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोवळा पोर नव्हे. दोन लेकरांचा बाप, बारा वर्षे गुरूच्या हाताखाली घासलेला. पण इंजिनावर नुसता तळवा टेकवून गुरू जे दुखणे सांगे, ते शिष्याला सगळे खोलूनही सापडत नसे. म्हणून तो अजून शिष्यच होता.

व्यापारी आला तो हार, नारळ, पेढे आणि चार लिंबे घेऊन. नवी गाडी घरी नेताना चाकांखाली लिंबे चिरडतात, तशी त्याला आज जुनीच गाडी नवी करून न्यायची होती.

“मिस्त्रीबाबा, आधी ते काढा,” तो म्हणाला. “वर्षभर स्वतःच्याच गाडीपुढं तोंड वासलं मी. आता पुरे झालं.”

“शेवटचं एकदा फुंका, शेठ.”

व्यापाऱ्याने फुंकले. हिरवा दिवा लागला. श्वास तुळशीच्या पानासारखा स्वच्छ होता. मग वृद्धाने यंत्र सोडवले, त्यासाठी तोडलेल्या वायरी जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. अर्ध्या तासात काम संपले. व्यापाऱ्याने लगेच कागद पुढे केला.

“गाडी फाटकाबाहेर पडली की करतो सही,” वृद्ध म्हणाला.

पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले, नारळ फुटला, हार चढला. व्यापारी लिंबे घेऊन वाकणार, एवढ्यात वृद्धाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. “ती मी ठेवतो. तुम्ही बसा आत.” आणि शिष्याला हळूच म्हणाला, “तू माझ्यामागं उभा राहा. मी सांगेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. शपथ आहे तुला माझी.”

शिष्याला वाटले, म्हातारा काही मंत्रबिंत म्हणणार असेल. वृद्धाने मागच्या दोन चाकांखाली लिंबे ठेवली, पुढच्या उजव्या चाकाखाली एक ठेवले, आणि तो डाव्या चाकापाशी येऊन उकिडवा बसला. चौथे लिंबू त्याने खिशात टाकले. त्या जागी, चाकाच्या पुढ्यात वीतभरावर, त्याने आपला उजवा तळवा जमिनीवर पालथा ठेवला.

शिष्य पुढे झुकला. तोच हात! या हातावर गॅरेज उभे होते, गुरूचे घर चालत होते, आणि बारा वर्षे शिष्य जे शिकायला धडपडत होता ते सगळे त्याच हातात होते. थट्टा असेल म्हणावे, तर कामाच्या वेळी थट्टा केलेली म्हाताऱ्याला खपत नसे. शिष्याने घाबरून काचेतून आत पाहिले. व्यापारी कानाला फोन लावून हसत होता. “सुटलो रे बाबांनो! आलोच, ताटं वाढायला घ्या!”

त्याने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरले. शिष्याला वाटले, आता हात उचलतील, आता उचलतील. हात तिथेच. आणि चाक हलले.

“थांबा! अहो थांबा!” शिष्याने दोन्ही मुठी बॉनेटवर हाणल्या. ब्रेक करकचून लागला.

व्यापारी तणतणत उतरला. “चांगल्या मुहूर्ताला बोंब कसली मारतोस रे?” असे म्हणत तो डाव्या बाजूला आला आणि जागीच थिजला. चाक आणि वृद्धाची बोटे यांच्यात जेमतेम एक लिंबू मावेल एवढीच जागा उरली होती.

“बाबा... वेड लागलं का तुम्हाला?” तो म्हणाला.

वृद्ध तसाच बसून होता. “शेठ, मला खाली बसताना तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

“उठताना पाहिलंत का?”

व्यापाऱ्याची नजर पुन्हा चाकापुढच्या बोटांवर गेली.

“आज तुम्ही प्यायला नव्हतात,” वृद्ध म्हणाला. “मीच तपासलं. तरी माझा हात चाकाखाली होता. वर्षभर त्या यंत्रानं तुम्हाला एकच विचारलं, प्यालात का? त्याला तेवढंच विचारता येतं. तुम्ही रोज खरं उत्तर दिलंत, त्याबद्दल मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण सुटल्याचीही झिंग असते, शेठ, आणि ती दारूपेक्षा लवकर चढते. ती पकडणारं यंत्र कुठल्याच गॅरेजात मिळत नाही. पुढं कोण बसलंय, हे यापुढं तुमचं तुम्हालाच विचारायचंय. रोज, किल्ली फिरवण्याआधी.”

व्यापारी जवळच्या जुन्या टायरवर बसला. तो म्हणाला, “शिक्षेचे दिवस मला तोंडपाठ आहेत, बाबा. किती गेले, किती राहिले, झोपेतून उठवलं तरी सांगत होतो. पण त्या माणसाचा पाय डावा गेला की उजवा, हे मला आत्ता आठवत नाही.”

शिष्याला हे ऐकून पुन्हा एकदा धक्का बसला. वृद्धाने मात्र समजूतही घातली नाही आणि दोषही दिला नाही.

“गाडी इथंच राहू द्या,” व्यापारी म्हणाला. “मी चालत जातो.”

“छे! न चालवणं सोपं असतं. चालवतच जा.”

व्यापारी उठला. गाडीभोवती एक फेरी घालून तो प्रत्येक चाकापाशी वाकला. मग आत बसून, गुरु-शिष्य दोघेही बाजूला उभे दिसेपर्यंत थांबला, आणि तेव्हाच फाटकाबाहेर पडला. वृद्धाने कागदावर सही करून ठेवली.

आता शिष्याचा संताप उफाळून आला. “बाबा, मी ओरडलो नसतो तर?”

“ओरडणार हे ठाऊक होतं मला.”

“मग शपथ कशाला घातलीत?”

“तू कशाला जास्त मानतोस, ते बघायचं होतं. माणूस चाकाखाली दिसत असताना माझी शपथ पाळत बसला असतास, तर बारा वर्षं माझ्याकडं नुसते नट आवळलेस असं म्हणावं लागलं असतं.”

शिष्य काही बोलणार, तोच त्याचे लक्ष कागदाकडे गेले. सही वेडीवाकडी आली होती. म्हाताऱ्याने उजवा हात काखेत दाबून धरला होता.

“बाबा, तुम्ही घाबरला होतात?”

“मग काय रे? हात माझा होता ना.”

शिष्याने त्याला बाकावर बसवले आणि तांब्याभर पाणी दिले. रस्त्यावर जो जो आपल्या पुढ्यात येतो, त्याचा हात, त्याचा पाय असाच त्याचा स्वतःचा असतो, हे शिष्याला त्या दिवशी कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.