न विचारलेली गाठ

"जाळू की पुरू, मायबाई? तेवढं सांगा."

भागवतनं कापडी पिशवी पायरीवर ठेवली आणि आतून रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी काढली. झाकणावर चिकटपट्टी होती. पट्टीवर त्याच्या बहिणीचं नाव लिहिलेलं होतं.

मायबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. नदीकाठचा तो लहानसा मठ त्या एकट्याच सांभाळत. वय ऐंशीच्या पुढं, नजर मात्र खडा टिपणारी. भागवत सोळा वर्षांचा असताना त्यांनीच त्याला मंत्र दिला होता. त्याला आता सहा वर्षं झाली.

"काय आहे त्यात?"

"गाठ. जिजीच्या पोटातली."

मायबाईंचा हात सुपातच थांबला.

"आणि जिजी?"

"बरी आहे. सकाळी ऑपरेशन झालं. दुर्बिणीचं. शुद्धीवर आली आणि पहिला शब्द काय काढला, तर चहा!"

मायबाईंनी डोळे मिटून घेतले. मोठा श्वास सोडला आणि पुन्हा तांदळाकडं वळल्या.

"मग तुझं तोंड का असं मयताला आल्यासारखं?"



मयत होतंच भागवतच्या तोंडावर. आठ महिन्यांपूर्वी त्याची थोरली बहीण गेली होती. अनसूया. ताई. तिच्याही अंडाशयावर गाठ होती. ती कळली तेव्हा पोट वरपासून खालपर्यंत उघडावं लागलं, आणि उघडून डॉक्टरांनी नुसती मान हलवली. भागवत तेव्हा बोअरवेल खणणाऱ्या गाडीवर कर्नाटकात होता. निरोप मिळून गावी पोचला, तोवर तिसरा दिवस होता. राख सावडून झाली होती.

तेव्हापासून त्याला कुणाचं काही सोसत नव्हतं. गाडीमालकाशी भांडला. मेव्हण्याच्या अंगावर धावून गेला. आणि आता मधली बहीण द्वारका, म्हणजे जिजी, हिच्या पोटात तीच गाठ निघाली म्हटल्यावर दवाखान्याच्या दारातच त्यानं भिंतीवर मूठ हाणली होती. बोटं अजून सुजलेली होती.

"ताईची तर मला दिसलीही नाही," तो म्हणाला. "ही सापडलीय. मोसंबीएवढी होती म्हणे. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मोसंबी कधी बेंबीतून निघते का? खरं सांगा, आत ठेवली असेल. तर त्या हसल्या. आतल्या आत पिशवीत धरली, म्हणाल्या, पाणी ओढून घेतलं, चिमली, मग अलगद बाहेर. वर मलाच विचारतात, सहा इंचाच्या भोकातून गावाला पाणी पाजणारा माणूस तू, तुला कसं नवल वाटतं?"

"बरोबर बोलल्या."

"बोलू देत. पण हिला मी सोडत नाही. तुमच्या हातानं मूठमाती द्या. असा मंत्र म्हणा, की पुन्हा आमच्या घराकडं वळून बघायची नाही."

मायबाईंनी सूप बाजूला सरकवलं.

"डॉक्टरीणबाईंनी बरणी तुझ्या हातात कशाला दिली?"

भागवत नदीकडं बघू लागला.

"कशाला दिली, बाळा?"

"...लॅबमध्ये नेऊन द्यायला. बसस्टँडच्या मागं आहे. सहाच्या आत."

"आत्ता किती झाले?"

"पाच वाजत आले असतील."

"मग तू वाट चुकलास."

"चुकलो नाही!" त्याचा आवाज चढला. "मुद्दाम इकडं आलो. काय करायचंय तपासून? निघाली ना बाहेर? विषय संपला. ते आठ दिवसांनी एक कागद देणार. सगळा इंग्रजीत. मी सहावी नापास माणूस, मायबाई. त्या कागदावरचा एकच शब्द मला वाचता येतो. ताईच्या फायलीत बघून बघून पाठ झालाय..."

त्यानं बरणीचं झाकण घट्ट दाबलं.

"...तोच असला तर?"

मायबाईंनी हात पुढं केला. भागवतला वाटलं, आता माती देणार. त्यानं बरणी त्यांच्या हातात दिली.

मायबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि कानाशी धरली.

झाडावर कावळा ओरडला. नदीपलीकडं कुणीतरी धुणं आपटत होतं. मायबाई कान लावून बसल्या होत्या.

"काय करताय?"

"ऐकतेय."

"काय म्हणते?"

"बोलते आहे काहीतरी. मला कळत नाही. हिची भाषा कळणारी माणसं बसस्टँडच्या मागं बसतात."

"थट्टा करू नका, मायबाई. आमच्या घरातलं एक माणूस गेलंय."

"थट्टा नाही करत." त्यांनी बरणी मांडीवर घेतली. "पुरायची तर पुरू. खड्डा तूच खण. पण कुणाला पुरायचं ते सांग. ही कोण आहे?"

"गाठ आहे."

"कसली?"

"...ताईला होती तसली."

"कुणी सांगितलं?"

भागवत सुजलेली बोटं चोळू लागला.

"तुझ्या ताईच्या पोटात काय होतं, ते कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही. पोट वाढायला लागलं आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं, दिवस गेलेत. लग्नाला सहा वर्षं झालेली. सासूनं पेढे वाटले."

"न विचारताच नाव ठेवलं."

"हो."

"कुणी ठेवलं?"

"गावानं!"

"गावानं," मायबाई म्हणाल्या. "...आणि मी."

भागवतनं वर पाहिलं.

"श्रावणात आली होती ती. इथंच बसली होती, तू बसलास तिथं. मी तिच्या पदरात नारळ घातला. तेव्हा ती हळूच म्हणाली, मायबाई, दुखतंय फार, आणि अंगावरूनही जातंय अधूनमधून. मी काय म्हणाले असेन?"

...

"मी म्हणाले, होतं असं पहिलटकरणीला. डोक्यावरून हात फिरवला आणि घरी पाठवली."

भागवत ताडकन उठला. आठ महिने तो ज्याला शोधत होता, ते माणूस हेच होतं. आणि ते त्याच्यासमोर मान वर करून बसलं होतं.

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्हाला सगळं कळतं म्हणून आम्ही..."

"तीही तेच समजून गेली."

"मग तुमच्या पायाशी बसून मी काय शिकलो इतकी वर्षं?"

मायबाईंनी बरणी त्याच्यापुढं धरली. पकड घट्ट होती.

"सव्वापाच झाले असतील. नीघ."

भागवतनं बरणी हिसकून घेतली. नमस्कार केला नाही. पिशवी पायरीवरच राहिली. बरणी छातीशी धरून तो रस्त्याकडं पळत सुटला. वाटेत कुणाची तरी मोटरसायकल अडवताना त्याचा आवाज मठापर्यंत ऐकू आला.

नवव्या दिवशी मठाच्या पायऱ्या चढून जिजी आली. सावकाश, पण कुणाचा हात न धरता. अंगावर हिरवं लुगडं, एक हात पोटावर. मागून भागवत आला, आणि त्याच्या हातात चौकोनी घडी केलेला कागद.

"तो शब्द नाही," तो मायबाईंना म्हणाला. "आधी मी स्वतः बघितलं. वरून खाली, खालून वर. मग डॉक्टरीणबाईंनी वाचून दाखवलं. साधी गाठ. कॅन्सर नाही. पुढची औषधंही नाहीत, नुसतं दाखवायला जायचं."

मायबाईंनी कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत बघितला, मग कपाळाला लावला आणि बराच वेळ तिथंच धरून ठेवला.

"हा काय सांगतोय तुम्हाला!" जिजी ओसरीच्या खांबाला टेकत म्हणाली. "याची खरी गंमत मला विचारा. बरणी दिली आणि घरी जाईना. रोज सकाळी लॅबच्या बाकड्यावर जाऊन हजर. झालं का? झालं का? चौथ्या दिवशी तिथं नवी पोरगी आली कामाला. तिनं याचा चेहरा बघितला, म्हणाली, काका, फार अशक्तपणा आलाय, बाही वर करा. आणि यानं केली!"

"मला वाटलं, नियम असेल," भागवत म्हणाला.

"रक्त काढलं, मायबाई! याचं! कावीळ नाही, मलेरिया नाही, साखर व्यवस्थित! गाठ माझी आणि तपासणी या घोड्याची!"

"काका म्हणाली मला," भागवत पुटपुटला. "बाविसाव्या वर्षी."

आणि त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. जिजीही हसत सुटली आणि दोन्ही हातांनी पोट आवळून "आई गं, आई गं" करत खाली बसली. मायबाईंचे खांदे हलत होते.

मग भागवत एकदम थांबला. चोरी पकडल्यासारखं त्यानं तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले.

"मायबाई..."

त्या त्याच्याकडं बघत होत्या.

"ताई जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो."

...

"हे चालतं का, मायबाई?"

मायबाईंनी जिजीकडं पाहिलं. ती अजून पोट धरून, डोळे पुसत, हसू आवरायला बघत होती.

"हळू हस," मायबाई म्हणाल्या. "तिचे टाके ओले आहेत."