हत्तिणीची संध्याकाळची हाक

फार फार जुनी गोष्ट आहे हं. इतकी जुनी, की तेव्हा जंगलातल्या पिल्लांचीसुद्धा शाळा भरायची. ती चालवायची एक हत्तीण. सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे.

तिची एक पद्धत होती. शाळा सुटली की सोंड वर करून ती एक लांबलचक हाक द्यायची. हाक आली, म्हणजे पिल्लं सुखरूप! मग बिळाबिळांतले आई-बाप एकदम निवांत.

एक दिवस शाळेत शिकवणारी खार हळूच हत्तिणीकडे आली. म्हणाली, सशाच्या पिल्लाच्या, आपल्या ससुलीच्या कानावर चावल्याच्या खुणा आहेत, आणि बीळ खणायला शिकवणारा मुंगूस जवळ आला की ती थरथर कापते. आजच तिच्या आईला सांगू या.

आता हत्तीण काही वाईट नव्हती, बरं का. पण मुंगूस जुना, सगळ्यांच्या ओळखीचा. उगाच बोभाटा झाला तर शाळेचं नाव जायचं. आधी आपण खात्री करू, असं म्हणून तिनं रोजच्यासारखी हाक दिली.

त्या संध्याकाळी ससुली आईला म्हणाली, "मला उद्या नाही जायचं. मुंगूसगुरुजींची भीती वाटते."

आई हसली. "वेडाबाई, मोठ्या बाईंची हाक ऐकलीस ना? काही असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का?"

सकाळी आईनं तिला शाळेच्या वाटेला लावलं. ससुली शाळेत पोचलीच नाही. अख्खं जंगल शोधत सुटलं. शेवटी ती करवंदीच्या जाळीत सापडली, काट्यांनी पार ओरबाडलेली. मुंगसापेक्षा तिला काटे बरे वाटले होते.

खारीनं काय सांगितलं होतं, ते हत्तिणीनं तिथेच, सगळ्यांसमोर कबूल केलं.

ससुलीची आई ओरडली नाही. लेकीच्या अंगातले काटे काढत म्हणाली, "मोठ्या बाई, पोरीनं मला सांगितलं होतं. मी तिचं सोडून तुमचं ऐकलं."

मुंगसाला त्याच दिवशी जंगलाबाहेर हाकललं. ससुली पुढे हळूहळू शाळेत यायला लागली, पण आईला घेऊनच. आई दिवसभर झाडाखाली बसून राहायची. मग बाकीचे आई-बापही येऊन बसायला लागले. हत्तीण त्यांना कधीच म्हणाली नाही, की तुम्ही कशाला बसलाय.

म्हणून सांगते, पोराला धोका आहे अशी नुसती शंका आली, तरी शाळेनं ती त्याच दिवशी आई-बापाच्या कानावर घालावी. शाळेच्या नावाचं नंतर बघता येतं.