माईंची खुर्ची

"मग माई, ती खुर्ची मला देणार की नाही, तेवढं आज सांगून टाका."

शार्दूल इंगवलेने हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडाला अजून रंग होता आणि कानात टाळ्या घुमत होत्या. शॉट एका दमात ओके झाला होता. लाइटवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या, आणि लाइटवाले उगाच कुणासाठी हात हलवत नाहीत.



माई म्हणजे चंपावती सरनोबत. एके काळी त्यांचं नाव पाटीवर लागलं की कोल्हापुरात तिकिटासाठी मारामाऱ्या होत. त्या राण्या झाल्या, कोळिणी झाल्या, पुढे तीन पिढ्यांच्या नायकांच्या आया झाल्या. शार्दूलला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. आज त्याचं काम बघायला त्याने त्यांना मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं.

आणि ती खुर्ची... लाकडी, घडीची, हिरव्या कॅनव्हासची. पाठीवर पांढऱ्या रंगात 'चंपावती'. माई जिथे शूटिंगला जात, तिथे त्यांच्यामागून खुर्ची जाई. काम थांबवलं तेव्हा त्यांनी ती या स्टुडिओच्या मेकअपच्या खोलीत ठेवली आणि सांगितलं, "माणूस दिसला की देईन." तेव्हापासून कुणी तिच्यावर बूड टेकवायची हिंमत केली नव्हती. नजर मात्र सगळ्यांची होती.

"घाई कसली रे?"

"घाई नाही. पण माझ्यापेक्षा मोठा आता कोण राहिलाय, तुम्हीच सांगा."

खोटं नव्हतं ते. तीच तर पंचाईत होती.

बाहेरून आवाज आला, "कट! बापू, पुन्हा एकदा घेऊ."

माईंनी मान वळवली. "कोण अडलंय?"

"बापू चौगुले. माझे आबा झालेत ना. त्यांचा क्लोजअप चाललाय."

बापू चौगुल्यांनी अख्खा जन्म गर्दीत काढला होता. कधी हवालदार, कधी भालदार, कधी लग्नातला पाहुणा. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ आज पहिल्यांदा आला होता. बोलायचं काहीच नव्हतं. तालमीत वाढवलेला पोरगा येऊन सांगतो, "आबा, मी आता लाल मातीत उतरणार नाही." बापाने ते ऐकायचं. बस्स.

"समोर कोण उभं आहे त्यांच्या?"

"सहायक आहे की. माझी वाक्यं वाचतोय."

"आणि तू?"

"माझं झालं ना माई. आता कॅमेरा त्यांच्यावर आहे. मी दिसतसुद्धा नाही त्यात."

"हं..."

"कट!"

या वेळी दिग्दर्शकाच्या आवाजात कंटाळा होता. मग तो खालच्या पट्टीत कॅमेरामनला म्हणाला, पण दार उघडं होतं. "जाऊ दे. क्लोजअप नकोच. लांबून घेऊन टाकू."

माई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत, पण उठल्या.

"माई, तुम्ही कशाला? अहो, खुर्चीचं तरी..."

त्या दारातून बाहेर पडल्यासुद्धा होत्या. शार्दूल मागोमाग गेला. कपाळावर आठ्या होत्या त्याच्या, का नसाव्यात?

मातीच्या आखाड्याच्या सेटवर बापू उभे होते. मान खाली. हातातला पटका ते पिळत होते. सहायक एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं वाक्य वाचून दमला होता.

माईंनी त्याच्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि त्यालाच परत दिला. मग कॅमेऱ्याच्या अगदी कडेला, भिंगाला खेटून उभ्या राहिल्या.

"बापू."

"जी, माई..." बापू गडबडले. "माज्यानं हुईना बगा."

"तुम्ही काय करू नका. माझ्याकडं बघा निस्तं."

दिग्दर्शकाने मुकाट्याने कॅमेरा सुरू करायला सांगितलं.

नऊवारीतली ती म्हातारी खाली वाकली. आखाड्याची माती चिमटीत घेतली, कपाळाला लावली, आणि तीच चिमूट बापूंसमोर हळूच खाली सोडून दिली.

"आबा..."

पुढे बराच वेळ शब्द फुटला नाही. माईंचा ओठ थरथरला. शार्दूलला समोर पोरगा दिसत होता. वीस-बावीस वर्षांचा, बापाला भिणारा, बापावर जीव असणारा. हेच वाक्य त्याने मघाशी किती झोकात म्हटलं होतं!

"आबा... मी आता लाल मातीत उतरणार नाही."

बापू ऐकत होते. त्यांचा हात पटक्यावर थांबला. त्यांनी काहीच केलं नाही. डोळे तेवढे भरत गेले, आणि बाप जागच्या जागी म्हातारा झाला.

"कट..." दिग्दर्शक जेमतेम बोलला.

मग टाळ्या पडल्या. सगळ्या बापूंना. कुणी त्यांच्या पाठीवर थापा मारत होतं, कुणी पाणी देत होतं. माईंकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, आणि माई सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. अशा ताठ उभ्या होत्या, जसा काही सत्कार त्यांचाच चाललाय.

 एवढं मोठं काम शार्दूलने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते कुठल्याच फिल्मवर उतरलं नव्हतं. आपण या बाईचे शिष्य आहोत या अभिमानाने त्याची छाती भरून आली, आणि त्याच वेळी तोंडावरचा रंग त्याला टोचायला लागला.

तो धावत खोलीत गेला आणि खुर्ची घेऊन आला. माईंच्या मागे उघडून ठेवली.

"बसा माई. दमलात."

माईंनी हात मागे नेऊन खुर्चीची पाठ चाचपली. बसल्या नाहीत.

"बापूंचा अजून एका बाजूने घेऊ," दिग्दर्शक ओरडला. "सहायक कुठाय?"

 चपला काढून शार्दूल आखाड्याच्या कडेला आला, कॅमेऱ्याजवळ. तिथे दोन माणसांना पुरेल एवढी जागा नव्हती.

माई सरकल्या.

"माई," तो खाली बघत म्हणाला, "ती खुर्ची राहू दे. मी उगाच मागितली."

"ने की," माई म्हणाल्या. "कोरीच आहे. तिच्यात बसायला सवड कुणाला होती?"